अंगणातील घुशी-उंदरांचा बंदोबस्त: बीळ बुजवणे हे शेवटचे काम

अंगणात रात्रीतून मातीचा ढीग उभा राहिला आणि त्याशेजारी भोक दिसले की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो. दगड, विटांचे तुकडे, फुटक्या काचा यांपैकी हाताशी असेल ते त्या भोकात कोंबले जाते आणि वरून माती दाबली जाते. दोन-तीन दिवसांत त्याच भिंतीला लागून जरा पुढे नवे भोक निघते, मग तेही बुजवले जाते आणि हा क्रम महिनोन्‌महिने चालू राहतो. आत राहणारा प्राणी उकरण्यातच तरबेज असल्यामुळे असे होते. नवे तोंड काढायला त्याला एक रात्र पुरते आणि जोपर्यंत त्याचे खाणे, पाणी व आडोसा जवळ आहे, तोपर्यंत ती जागा सोडण्याचे त्याला काहीही कारण नसते. म्हणून या कामाचा क्रम नेहमीच्या सवयीच्या उलट ठेवावा लागतो. आधी बीळ कोणाचे आहे आणि ते वापरात आहे का हे पाहावे, मग खाण्याचे मार्ग बंद करावेत, त्यानंतर आत असलेले प्राणी पकडावेत आणि बीळ बुजवणे अगदी शेवटी करावे.

बीळ कोणाचे आहे

जमिनीतले प्रत्येक भोक उंदराचे नसते. खेकडे, बेडूक, सरडे, गांधीलमाश्या आणि कित्येक कीटकही जमीन पोखरतात, आणि त्यांच्या भोकांवर उंदराचे औषध टाकणे हा निव्वळ अपव्यय ठरतो. घराभोवती सर्वांत जास्त उपद्रव करते ती घूस. मोठ्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या घुशीचे वजन एक किलोच्या आसपास जाऊ शकते. तिच्या बिळाच्या तोंडात माणसाची मूठ सहज जाईल इतके ते रुंद असते आणि बाहेर उकरलेल्या मातीचा ठसठशीत ढीग असतो. लहान जातीची घूस शेतात, बागेत आणि गोदामांच्या आसपास आढळते. ती बिळात धान्याचा मोठा साठा करते आणि आत असताना तोंड सैल मातीने बंद करून घेते. त्यामुळे तोंड बंद आहे म्हणजे बीळ रिकामे आहे, असा अर्थ घुशीच्या बाबतीत काढता येत नाही. उलट भुसभुशीत ताज्या मातीने बंद झालेले तोंड हीच आत कोणीतरी असल्याची खूण असते.

तपकिरी उंदीर हाही पक्का बीळ खोदणारा आहे. त्याच्या बिळाचे तोंड साधारण ६ ते ९ सेंटिमीटर रुंद असते, कडा ये-जा करून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि मुख्य तोंडाखेरीज एक-दोन चोरवाटा गवताने किंवा पातळ मातीने झाकलेल्या असतात. संकटात तो याच वाटांनी निसटतो. भिंतीचा पाया, फरशीची कड, पायरीखालची पोकळी, गटाराच्या चेंबरची बाजू आणि लाकडांच्या ढिगाखालची जमीन या त्याच्या आवडत्या जागा आहेत, कारण वर काहीतरी पक्के असले की बीळ ढासळत नाही. लहान उंदराचे भोक दोन-तीन सेंटिमीटरचेच असते. लेंड्यांवरूनही अंदाज येतो. लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याहून मोठी नसते, तर तपकिरी उंदराची जवळपास दोन सेंटिमीटर लांब भरते.

चिचुंद्रीची मात्र यांच्यात गणना करू नये. लांब निमुळते नाक, बारीक डोळे आणि उग्र वास असलेला हा प्राणी उंदरांच्या कुळातलाच नाही. झुरळे, अळ्या आणि किडे हे त्याचे मुख्य खाणे असते. त्याचा वास सहन होत नसेल तर घरात शिरण्याच्या फटी बंद कराव्यात, पण अंगणातल्या चिचुंद्रीला मारून हाती काही लागत नाही.

बीळ वापरात आहे का

एखाद्या अंगणात सात-आठ भोके दिसत असली तरी ती सगळी वसलेली असतात असे नाही. एकाच कुटुंबाची ती निरनिराळी तोंडे असू शकतात किंवा त्यांतली निम्मी केव्हाच सोडून दिलेली असतात. जाळे धरलेले, पालापाचोळा साचलेले आणि कडांवर गवत उगवलेले तोंड बहुधा जुने असते. खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. संध्याकाळपूर्वी प्रत्येक तोंडात चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा बोळा किंवा सुकी पाने सैलसर भरावीत, किंवा थोडी भुसभुशीत माती पसरून हलकेच सपाट करावी आणि प्रत्येक जागेजवळ खुणेची काडी रोवावी. एक-दोन रात्रींनंतर जिथे बोळा बाहेर फेकलेला किंवा माती उकरलेली दिसेल तेवढीच बिळे चालू आहेत असे धरावे. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, पण पुढचे सगळे कष्ट कोठे करायचे ते तिच्यावरूनच ठरते आणि शेवटी काम फत्ते झाले की नाही हे तपासायलाही तीच उपयोगी पडते.

हे करताना बिळात हात घालू नये. नाग, धामण आणि इतर साप उंदरांच्या मागावर बिळात शिरतात आणि आयते बीळ मुक्कामालाही वापरतात. बोळा काठीने किंवा लांब चिमट्याने सरकवावा, पायात बंद बूट असावेत आणि अंधारात हे काम करू नये. बिळाजवळ सापाची कात सापडली तर तिथले उकरणे थांबवून सर्पमित्राला बोलवावे.

खाणे, पाणी आणि आडोसा

या भागाला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात, कारण त्यात काही मारल्याचे किंवा पकडल्याचे समाधान मिळत नाही. प्रत्यक्षात निकाल येथेच लागतो. तपकिरी उंदीर आपल्या बिळापासून साधारण ३० ते ५० मीटरच्या परिघात खाणे शोधतो आणि लहान उंदीर तर त्याहूनही कमी अंतरात फिरतो. याचा अर्थ असा की बीळ तुमच्या अंगणात असेल तर त्याचे खाणेही बहुधा तुमच्याच किंवा अगदी शेजारच्या आवारात आहे. संध्याकाळी अंगणातून एक सावकाश फेरी मारून ते कुठे आहे ते पाहावे. झाकण नसलेली कचऱ्याची बादली, कुत्र्याच्या ताटलीत रात्रभर राहिलेले अन्न, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, झाडाखाली पडलेली फळे, कोंबड्यांचे खाद्य आणि उघडा खतखड्डा, यांपैकी दोन-तीन गोष्टी हमखास सापडतात.

कचऱ्यासाठी घट्ट झाकणाची, धातूची किंवा जाड प्लॅस्टिकची बादली वापरावी आणि तिच्या तळाला भोक पडलेले नाही ना, ते पाहावे. जनावरांचे व कोंबड्यांचे खाद्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे, कारण पोते किंवा प्लॅस्टिकची पिशवी कुरतडणे उंदराला एका रात्रीचेही काम नाही. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि सतत कुरतडूनच ते झिजवावे लागतात, त्यामुळे लाकूड, प्लॅस्टिक, मऊ चुना आणि विजेच्या तारांचे वेष्टण यांपैकी काहीच त्यांच्यापुढे टिकत नाही. पाळीव प्राण्यांना ठरावीक वेळी खायला घालून ताटली लगेच उचलावी. पक्ष्यांना दाणे टाकणे निदान मोहीम संपेपर्यंत बंद ठेवावे. ते जिवावर येत असेल तर जमिनीवर काही सांडणार नाही अशा तबकात दिवसा थोडेच दाणे ठेवावेत आणि सूर्यास्तापूर्वी ते काढून घ्यावेत.

खतखड्ड्याला वेगळा विचार लागतो, कारण तिथे ऊब, खाणे आणि मऊ माती हे तिन्ही एकत्र मिळतात. त्यात शिजवलेले अन्न, मांस-मासळीचे तुकडे आणि तेलकट पदार्थ टाकू नयेत. नवीन ओला कचरा नेहमी सुक्या पानांच्या किंवा मातीच्या थराखाली दाबावा आणि ढीग वरचेवर खालीवर करावा, कारण सतत हलवल्या जाणाऱ्या ढिगात उंदीर पिल्ले घालत नाहीत. पेटी वापरत असाल तर तिच्या तळाला आणि हवेच्या भोकांना बारीक तारेची जाळी लावावी. अशी जाळी गांडुळांना अडवत नाही.

पाण्याचेही तसेच. तपकिरी उंदराला रोज पाणी लागते. गळका नळ, कुंड्यांखालच्या बशा, थेंब थेंब गळणारी वातानुकूलन यंत्राची नळी आणि तुंबलेली पन्हळ ही त्याची पाणवठ्याची ठिकाणे असतात. ती कोरडी केल्याने उंदीर लगेच निघून जातील असे नाही. मात्र सापळ्यातले आमिष त्यांना अधिक हवेसे वाटू लागते.

आडोसा हटवताना भिंतीलगतची पट्टी आधी मोकळी करावी. भिंतीपासून निदान ६० सेंटिमीटरपर्यंत दाट झुडपे, वेलींचा गुंता, उंच गवत आणि अडगळ राहू देऊ नये. लाकडे, फरश्या आणि कौले ठेवायचीच असतील तर ती जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंच मांडणीवर, भिंतीपासून सुटी ठेवावीत, म्हणजे खालून आरपार दिसते आणि झाडताही येते. उघड्यावरून पळणे उंदराला नको असते. भिंतीला अंग घासत, कशाच्या तरी आडून जाणे त्याच्या स्वभावात आहे.

सापळे

आवार मोठे नसेल आणि वसलेली बिळे मोजकी असतील तर सापळा हाच सर्वांत स्वच्छ उपाय आहे. त्यात कोणता प्राणी पकडला गेला ते डोळ्यांना दिसते, मेलेला उंदीर भिंतीत किंवा जोत्याखाली सडत नाही आणि मांजर, कुत्रा व घुबड यांना विषबाधा होण्याचा धोका राहत नाही. घुशीसाठी मोठा, जाड तारेचा पिंजरा घ्यावा. लहान उंदरासाठी केलेला पिंजरा ती आतून वाकवते किंवा मुळात त्यात शिरतच नाही. तपकिरी उंदरासाठी मोठ्या आकाराचा, जोरकस स्प्रिंगचा चाप चालतो. लहान उंदराचा चाप मोठ्या उंदरासाठी वापरला तर प्राणी जखमी होऊन निसटतो, आणि एकदा निसटलेला उंदीर पुन्हा सापळ्याच्या वाटेला जात नाही.

उंदरांना आपल्या नेहमीच्या वाटेवर अचानक आलेल्या वस्तूचे भय वाटते. तपकिरी उंदीर नव्या डब्याला काही दिवस वळसा घालून जातो. म्हणून पिंजरा किंवा चाप आणल्याच्या पहिल्या रात्रीच न लावता तो जागेवर नुसता मांडून ठेवावा, आमिष घालावे, पण दार किंवा स्प्रिंग अडकवून ठेवावी, म्हणजे तीन-चार रात्री उंदीर निर्धास्तपणे येऊन खाऊन जातील. आमिष नियमाने संपू लागले की मगच सगळे सापळे एकाच रात्री लावावेत. एक-एक करून लावल्यास पहिला पकडला गेल्यावर बाकीचे सावध होतात. पहिल्या दोन-तीन रात्रींत जे पकडले जातात त्यांवरच मोहिमेचे यश ठरते, त्यामुळे सापळ्यांच्या संख्येत काटकसर करू नये.

सापळ्याची जागा आमिषाहून महत्त्वाची असते. भिंतीलगत, बिळाच्या तोंडापासून हात-दीड हात अंतरावर, जिथे ये-जा करून गवत दबलेले किंवा भिंतीवर तेलकट डाग उमटलेला दिसतो तिथे तो ठेवावा. चाप भिंतीशी काटकोनात ठेवून त्याचा आमिषाचा भाग भिंतीकडे करावा, म्हणजे भिंतीच्या कडेने कुठूनही येणारा उंदीर त्यावरूनच जातो. पिंजरा मात्र भिंतीला समांतर ठेवतात. तळाला थोडी माती पसरली की पायाला गार तार लागत नाही. आमिष म्हणून शेंगदाण्याचा कूट, भाजलेले सुके खोबरे, सुक्या मासळीचा तुकडा किंवा तळलेला पदार्थ चालतो. खरे तर उंदीर त्या आवारात आधीपासून जे खात होते तेच आमिष सर्वांत खात्रीचे असते. चापावर ते दोऱ्याने बांधावे, नाहीतर चतुर उंदीर ते हळूच उचलून नेतो. उघड्यावर चाप लावायचा असेल तर तो लाकडी खोक्याखाली किंवा आडव्या नळाच्या तुकड्यात ठेवावा, म्हणजे पक्षी, मांजरे आणि मुलांची बोटे सुरक्षित राहतात. माणसाचा वास लागू नये यापेक्षाही संसर्ग होऊ नये यासाठी हातमोजे घालावेत.

पिंजरा रोज सकाळी, शक्य तर सूर्य वर येण्याआधी तपासावा. उन्हात अडकून पडलेला प्राणी तडफडून मरतो, आणि तसे होऊ देणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. जिवंत पकडलेला उंदीर दूर नेऊन सोडण्याची पद्धत दयेची वाटते, पण अनोळखी जागी त्याचा निभाव लागणे कठीण असते आणि निभावला तर तो दुसऱ्या कोणाच्या दारात बीळ खोदतो. काही देशांत असे सोडणे बेकायदाही आहे. पकडलेल्या प्राण्याचे काय करायचे हे आधी ठरवूनच पिंजरा मांडावा आणि आपल्याला मारणे जमणार नसेल तर सरळ कीटकनियंत्रण करणाऱ्या माणसाकडे काम सोपवावे. चिकट फळ्यांची शिफारस मी करणार नाही. त्यांत प्राणी तासन्‌तास जिवंत अडकतो, आणि अंगणात ठेवल्यास चिमण्या, पाली आणि सापही त्यांत सापडतात.

विष वापरायचे असेल तर

विष हा सर्वांत सोपा मार्ग समजला जातो आणि सर्वांत जास्त अपघातही त्यातूनच होतात. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. झिंक फॉस्फाइड हे झपाट्याने मारणारे विष असून ते पोटातल्या आम्लाशी मिसळले की फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याची अडचण अशी की ज्या उंदराने थोडेच खाल्ले आणि जो आजारी पडून वाचला, तो त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. शिवाय त्यावर उतारा नाही, म्हणून मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ते आणूच नये.

दुसरा प्रकार रक्त गोठू न देणाऱ्या विषांचा आहे. त्यांपैकी वॉरफरिन उंदीरनाशक म्हणून १९४८ मध्ये बाजारात आले. पुढे त्याला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये आढळले आणि त्यानंतर ब्रोमॅडिओलोनसारखी अधिक तीव्र विषे तयार झाली. ब्रोमॅडिओलोनचे तयार आमिष बहुधा ०.००५ टक्के तीव्रतेचे असते. ही विषे खाल्ल्यावर उंदीर काही दिवसांनी, अंतर्गत रक्तस्राव होऊन मरतो. मरण आमिषाशी जोडले जात नसल्यामुळे उंदरांना संशय येत नाही, हा त्यांचा गुण. मात्र त्या दिवसांत मंदावलेला, विष भरलेला उंदीर अंगणात फिरत राहतो आणि त्याला खाणारे घुबड, मांजर किंवा कुत्राही त्या विषाचा बळी ठरू शकतो. या विषांवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी किंवा पशुवैद्याने द्यायचा असतो. माणसाने किंवा पाळीव प्राण्याने विष खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये, मीठ-पाणी पाजण्यासारखे घरगुती उपाय करू नयेत आणि विषाचे पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखान्यात जावे.

हे सर्व लक्षात घेऊनही विष वापरायचे ठरवले तर वडीच्या रूपातले तयार आमिष घ्यावे आणि ते कुलपाच्या आमिषपेटीत, आतल्या सळईवर ओवून ठेवावे. उघड्यावर किंवा कागदाच्या पुडीत ठेवलेले आमिष उंदीर ओढून दुसरीकडे नेतात आणि मग ते कुठे पडले याचा पत्ता लागत नाही. वेष्टनावरच्या सूचनांपेक्षा अधिक प्रमाण घातल्याने काम लवकर होत नाही. रोज फिरून मेलेले उंदीर गोळा करावेत, हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधावेत आणि खोल पुरावेत किंवा स्थानिक नियमांनुसार त्यांची विल्हेवाट लावावी. काम संपल्यावर उरलेले आमिष अंगणात राहू देऊ नये. भिंतीत किंवा जोत्याखाली उंदीर मेला तर दुर्गंधी कित्येक दिवस टिकते, हाही विषाचा एक तोटा आहे.

बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो मातीतल्या फटींतून आणि पायाखालच्या पोकळ्यांतून घरात शिरू शकतो, आणि घरात झोपलेली माणसे त्याने दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. शेतातल्या बिळांसाठी प्रशिक्षित व परवानाधारक माणसांनी वापरायची ही वस्तू आहे. घराच्या आवारात ती कोणी सुचवली तरी वापरू नये आणि कोणी उरलेल्या गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नयेत.

जे उपाय करू नयेत

बिळात पाइपने पाणी सोडणे हा उपाय ऐकायला सोपा आहे. घूस आणि तपकिरी उंदीर दोघेही चांगले पोहतात, बीळ अनेक तोंडांचे असते आणि भुसभुशीत मातीत पाणी मुरूनच जाते. भिंतीजवळ असे केल्यास पायाखालची माती वाहून जाऊन फरशी खचते, म्हणजे घुशीने अर्धवट सोडलेले काम आपण पुरे करतो. पेट्रोल किंवा रॉकेल ओतण्याने माती नासते आणि आगीचा धोका राहतो. वाहनाच्या धुराची नळी बिळात सोडण्यात कार्बन मोनॉक्साइड घरात पसरण्याची भीती असते. डांबराच्या गोळ्या, मिरचीपूड आणि उग्र वासाची तेले यांनी एखाद-दोन दिवस उंदीर वाट बदलतात, पण खाणे जवळ असेल तर ते त्या वासाला सरावतात. आवाज सोडणाऱ्या यंत्रांबाबतही तेच घडते. त्यांचा आवाज मातीतून पार होत नाही आणि बिळापर्यंत पोहोचतही नाही.

मांजरीवर फार भिस्त ठेवू नये. ती लहान उंदीर मारते, पण पूर्ण वाढलेल्या घुशीपुढे बहुतेक मांजरी माघार घेतात. गव्हाणी घुबड हे उंदरांचे खरे शिकारी आहेत. आवारात जुनी मोठी झाडे राखली आणि विष वापरले नाही तर त्यांचा वावर राहतो. तरीही वसलेल्या बिळांचा निकाल त्यांच्यावर सोपवता येत नाही.

बुजवणे आणि अडवणे

सापळ्यांत सलग चार-पाच रात्री काही पडले नाही आणि कागदी बोळ्यांची चाचणी पुन्हा केल्यावर सगळे बोळे जागच्या जागी राहिले, की बिळे बुजवायची वेळ आली. आत पिल्ले किंवा मेलेला प्राणी राहिला असण्याची शंका असेल तर दोन दिवस थांबून पुन्हा पाहावे. मोकळ्या मातीतले बीळ कुदळीने शेवटपर्यंत उकलून माती थराथराने दाबून भरावी. नुसते तोंड बंद केल्यास आतली पोकळी पावसात खचते, शिवाय तयार बोगदा नव्या उंदरांना आयताच मिळतो. भिंतीच्या पायाला लागून असलेले बीळ फार उकरू नये. त्यात आधी गोटे आणि जाड खडी ठासून भरावी, मग तारेच्या जाळीचा चुरगळलेला तुकडा बसवावा आणि वरून काँक्रीट ओतावे. नुसत्या मऊ सिमेंटचा लेप ओला असतानाच कुरतडला जातो. पाया खचल्यासारखा किंवा भिंतीला तडे गेलेले दिसले तर आधी स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.

पुन्हा खोदकाम होऊ नये म्हणून शेड, ओटा किंवा कोंबड्यांचे खुराडे यांच्याभोवती जाळी पुरणे हा टिकाऊ उपाय आहे. त्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्यावी. मोठ्या उंदरांसाठी १२ मिलिमीटर आणि लहान उंदरांसाठी ६ मिलिमीटरपेक्षा मोठी छिद्रे चालत नाहीत, कारण एवढ्या फटीतून ते शरीर आकसून निघून जातात. कोंबड्यांसाठी वापरली जाणारी षट्‌कोनी बारीक तारेची जाळी उंदीर कुरतडतात. वेल्डेड जाळी भिंतीला घट्ट बसवून ३० ते ६० सेंटिमीटर खोल न्यावी आणि तळाला बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर आडवी वळवावी. खोदत येणारा उंदीर भिंतीशी पोहोचून खाली उतरू लागला की या आडव्या पट्टीवर अडतो. मागे सरून पट्टीच्या पलीकडून खोदावे हे त्याला सुचत नाही. जाळी पुरणे शक्य नसेल तिथे भिंतीलगत ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल चर घेऊन त्यात अडीच सेंटिमीटरहून मोठी खडी भरावी. अशी खडी उकरताना सतत ढासळत राहते.

फळझाडांच्या बुंध्याभोवती आणि कंदांच्या वाफ्यांतही हीच जाळी उपयोगी पडते. कंद लावताना ते जाळीच्या टोपलीत ठेवून पुरावेत, आणि रोपाच्या बुंध्याभोवती जाळीचे नळकांडे थोडे सैल बसवावे, म्हणजे खोड वाढल्यावर ते त्यात रुतत नाही.

सफाई करताना लेप्टोस्पायरोसिसचे भान ठेवावे. या रोगाचे जंतू उंदरांच्या मूत्रातून ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात उतरतात आणि हातापायांवरच्या जखमांतून शरीरात शिरतात. रबरी बूट व हातमोजे घालावेत, जखम असेल तर ती झाकावी आणि लेंड्या सुक्या झाडू नयेत. त्यांवर पातळ केलेले ब्लीचचे द्रावण शिंपडून, दहा मिनिटे थांबून कागदाने उचलाव्यात. काम केल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप, डोळ्यांत लाली आणि पोटऱ्यांत दुखणे सुरू झाले तर उंदरांच्या घाणीत काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बुजवल्यानंतरचे काही आठवडे दर आठवड्याला एक फेरी मारावी. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पिल्ले घालते, एका वेतात सहा किंवा त्याहून अधिक पिल्ले होऊ शकतात आणि ती तीन महिन्यांच्या आत स्वतः विणायला योग्य होतात, त्यामुळे एक जोडी राहून गेली तरी पावसाळा संपेपर्यंत पूर्वीची स्थिती येऊ शकते. नवे भोक दिसले की त्याच दिवशी सापळा मांडावा. एकाच ठिकाणी, विशेषतः सांडपाण्याच्या चेंबरजवळ, वारंवार भोक पडत असेल आणि सापळ्यांत काही येत नसेल, तर उंदीर अंगणातून नव्हे, तर जमिनीखालच्या फुटलेल्या पाइपातून वर येत असल्याची शक्यता असते. संडासात रंगीत पाणी सोडून ते बिळाच्या तोंडाशी उतरते का ते पाहावे, आणि उतरले तर तिथे सापळे मांडत न बसता पाइप दुरुस्त करून घ्यावा.